एका पंक्तीतून उदयास आलेला धर्म

ख्रिस्ती धर्म म्हटला की वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चे, जुन्या गोव्यातील उत्तुंग प्रार्थनामंदिरे आणि इंग्रजी अमदानीत आलेले मिशनरी आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि हा धर्म मूळचा युरोपचाच असावा अशी समजूत नकळत दृढ होते. याच्या अगदी उलट टोकाची समजूत अशी की, या धर्माजवळ स्वतःचे असे काहीच नसून त्याने इराणातून मित्रदेव, मिसरातून मृत्युंजय देवाची कथा आणि हिंदुस्थानातून वैराग्य उसने घेतले. १८९४ साली निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने तर येशूने हिमालयाच्या परिसरात विद्याभ्यास केल्याचा वृत्तांत लडाखमधील हेमिस मठात आपणांस सापडल्याचे जाहीर केले, आणि पुढे लवकरच मठाच्या प्रमुखांनी ही हकीकत साफ नाकारली तरी तिचा पगडा अजून ओसरलेला नाही. या दोन्ही समजुती बाजूस ठेवून मूळ साधनांकडे वळले असता जे चित्र दिसते ते अधिक गुंतागुंतीचे आणि अधिक विचार करावयास लावणारे आहे. हा धर्म आशियाच्या पश्चिम टोकास, यहूदी समाजाच्या पोटी जन्मला. इराणी, ग्रीक आणि रोमन या तिन्ही संस्कृतींचे संस्कार त्याच्या जन्मापूर्वीच त्या समाजावर झालेले होते. आणि त्याला स्वतंत्र धर्माचे रूप आले ते, कोणी कोणाच्या पंक्तीस बसावे या प्रश्नावर झालेल्या एका तीव्र वादातून.

ज्या भूमीत हे घडले ती भूमध्य समुद्र आणि अरबी वाळवंट यांच्यामधील एक चिंचोळी पट्टी आहे. नाईलच्या खोऱ्यातून युफ्रेटिसच्या खोऱ्याकडे जाणाऱ्या सैन्यांना आणि व्यापाऱ्यांच्या तांड्यांना हिच्यावाचून दुसरी सोयीची वाट नव्हती, आणि त्यामुळे मिसर, असुरिया, बाबिलोन, इराण, ग्रीस आणि रोम या सत्तांनी पाळीपाळीने या मुलखावर आपला अंमल बसविला. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर जाळले आणि राजघराण्यातील माणसे, पुरोहित व कारागीर यांना बंदिवान करून आपल्या देशी नेले. ज्या लोकांची उपासना एका टेकडीवरील एका मंदिराशी बांधलेली होती, त्यांनी मंदिर गेल्यावर आणि देश सुटल्यावर आपले अस्तित्व कशाच्या बळावर राखावे, हा प्रश्न त्या निर्वासनात उत्पन्न झाला. आणि त्यांनी धर्मग्रंथांचे संकलन, शब्बाथाचे पालन, सुंता आणि भक्ष्याभक्ष्याचे काटेकोर नियम यांच्या आश्रयाने त्याचे उत्तर दिले. कोणता पशू खावा, रक्ताचा अंश कसा टाळावा, मूर्तीला वाहिलेले अन्न का वर्ज्य मानावे, हे नियम त्यापूर्वीही होते. परंतु परदेशात त्यांना तटबंदीचे स्वरूप आले. राज्य नसलेल्या समाजाची सीमा त्याच्या स्वयंपाकघरात आखली गेली.

इ. स. पू. ५३९ मध्ये इराणचा सम्राट कुरुश याने बाबिलोन घेतले आणि या निर्वासितांना मायदेशी परतण्याची व मंदिर पुन्हा बांधण्याची मोकळीक दिली. यशयाच्या ग्रंथात या परधर्मीय सम्राटाला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे, यावरून त्या उपकाराची जाणीव किती खोल होती हे कळते. पुढील दोन शतके यहूदी लोक इराणी साम्राज्यात राहिले. जरथुष्ट्राच्या अनुयायांमध्ये सत् आणि असत् यांचा अंतिम संघर्ष, मृतांचे पुन्हा उठणे आणि शेवटचा न्याय या कल्पना होत्या. यहूदी वाङ्मयात देवदूतांची श्रेणी, सैतानाचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आणि कालान्ताची वर्णने याच सुमारापासून ठळक होऊ लागतात. यातील किती भाग इराणी संस्काराचा आणि किती यहूदी चिंतनाचा, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. मात्र शेजाराचा परिणाम झाला हे बहुतेकांना मान्य आहे. याच साम्राज्याच्या दप्तरांतून अरामी भाषा दूरवर पसरली, आणि पाच शतकांनंतर येशूने आपला उपदेश केला तो याच भाषेत. तिचा विस्तार केवढा होता याची साक्ष आपल्या सम्राट अशोकाचा कंदाहार येथील शिलालेख देतो, कारण १९५८ मध्ये सापडलेला हा लेख ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत कोरलेला आहे. आणि ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या पिढीच्या भाषाही याच दोन होत्या.

ग्रीक भाषा आली ती अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर. इ. स. पू. ३३२ मध्ये हा मुलूख त्याच्या हाती गेला, आणि त्याच्या सेनापतींच्या वंशजांनी मिसरात व सीरियात राज्ये स्थापिल्यावर भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने ग्रीक नगरे, व्यायामशाळा आणि नाट्यगृहे उभी राहिली. मिसरातील अलेक्झांड्रिया नगरीत यहूदी वस्ती इतकी वाढली, आणि पितरांची हिब्रू भाषा तेथील तरुण पिढीला इतकी अपरिचित झाली, की इ. स. पू. तिसऱ्या शतकात मोशेच्या ग्रंथांचे ग्रीक भाषांतर तेथे करावे लागले. याच नगरीत येशूचा समकालीन फिलो हा यहूदी तत्त्ववेत्ता प्लेटोच्या विचारांच्या प्रकाशात मोशेचा अर्थ लावीत होता. खुद्द यरुशलेमात थेओडोटस नावाच्या पुरोहिताने बांधलेल्या सभास्थानाचा शिलालेख सापडला आहे. शास्त्रवाचनासाठी आणि परदेशाहून येणाऱ्या यात्रेकरूंच्या निवासासाठी ही वास्तू उभारल्याचे तो सांगतो, आणि तो ग्रीकमध्ये आहे. यहूदी धर्म आणि ग्रीक संस्कृती यांना दोन बंद पेट्या समजणे किती चुकीचे आहे, हे त्यावरून उमगते.

तथापि हा संयोग नेहमीच शांततेचा नव्हता. इ. स. पू. १६७ मध्ये सीरियाचा राजा अंतियोख चौथा याने यहूदी आचारांना बंदी घातली, मंदिर भ्रष्ट केले आणि लोकांना डुकराचे मांस खावयास भाग पाडण्याचा हुकूम काढला. मक्काबी बंधूंनी बंड उभारून तीन वर्षांत मंदिर परत मिळविले व शुद्ध केले. परंतु त्या काळातील ज्या कथा यहूदी स्मृतीत कोरल्या गेल्या त्या, वर्ज्य अन्नाचा घास तोंडात घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या वृद्धांच्या, मातांच्या आणि मुलांच्या होत्या. धर्मासाठी मेलेल्या निरपराध माणसांना न्याय केव्हा मिळणार, या वेदनेतूनच दानीएलाच्या ग्रंथात मृतांच्या पुनरुत्थानाची आशा स्पष्ट शब्दांत प्रकट झाली. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेचे मध्यवर्ती तत्त्व आणि ख्रिस्ती समाजाला पुढे ओलांडावी लागलेली अन्नाची मर्यादा, या दोहोंना एकाच छळाच्या इतिहासाने बळ दिले होते. पुढील कथा समजण्यास हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण अन्नाचे नियम पाळणारा यहूदी हा काही क्षुद्र सोवळेपणाचा उपासक नव्हता, ज्या नियमांसाठी त्याच्या पूर्वजांनी प्राण दिले होते ते तो सांभाळीत होता.

इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपीने यरुशलेम घेतले आणि रोमचा अंमल सुरू झाला. प्रथम हेरोदासारखा मांडलिक राजा, आणि इ. स. ६ पासून यहूदियावर थेट रोमचा अधिकारी, अशी व्यवस्था लागली. इ. स. २६ ते ३६ पर्यंत या पदावर असलेल्या पिलाताच्या नावाचा शिलालेख १९६१ मध्ये कैसरिया येथे मिळाला आहे. करांचा बोजा, जमिनीचे हस्तांतर आणि परकी सत्तेचा अपमान यांनी हा समाज आतून ढवळून निघाला होता. मंदिराचा कारभार पाहणारे सदूकी, शास्त्राचे नियम रोजच्या जीवनात उतरवू पाहणारे परुशी, शुद्धतेसाठी अलग राहणारे एस्सेनी आणि शस्त्र उपसण्यास उत्सुक असलेले क्रांतिकारक, असे अनेक पंथ त्यात होते. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत जी हस्तलिखिते सापडली त्यांतून एका अशा मंडळाचे चित्र दिसते, की ज्याच्या सहभोजनास बसण्यापूर्वी नवागताला दीर्घकाळ परीक्षा द्यावी लागे.

या वातावरणात गालील प्रांतातील नासरेथचा येशू योहान नावाच्या उपदेशकाकडून बाप्तिस्मा घेऊन पुढे आला आणि देवाचे राज्य जवळ आल्याचे सांगू लागला. तो यहूदी होता, सभास्थानांत बोलत होता, मोशेच्या शास्त्रावर वाद करीत होता; नवा धर्म स्थापण्याची भाषा त्याच्या तोंडी आढळत नाही. त्याच्या समकालीनांना खटकली ती त्याची पंक्ती. रोमनांसाठी पैसा गोळा करून स्वजनांच्या तिरस्कारास पात्र झालेले जकातदार आणि समाजाने पापी ठरविलेली माणसे यांच्या सोबत तो जेवत असे, आणि देवाच्या राज्याचे वर्णन मेजवानीच्या दृष्टान्तांनी करीत असे. इ. स. ३० च्या सुमारास, वल्हांडण सणाच्या दिवसांत, पिलाताच्या हुकुमाने त्याला क्रूसावर खिळण्यात आले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोमन इतिहासकार टॅसिटस यानेही या मृत्युदंडाची नोंद केली आहे. येशू मरणातून उठला आणि आपणांस दिसला, अशी त्याच्या शिष्यांची साक्ष होती. इतिहासकार या साक्षीच्या सत्यासत्यतेचा निवाडा करू शकत नाही. तथापि गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी राखून ठेवलेले मरण ज्याला आले, त्यालाच देवाचा अभिषिक्त म्हणण्याचे धैर्य या माणसांत आले, आणि ही घोषणा शेजारच्या कोणत्याही पुराणकथेतून उसनी घेण्याजोगी नव्हती, एवढे तो निश्चयाने सांगू शकतो. ग्रीकांना ती मूर्खपणाची आणि यहूदी श्रोत्यांना अडखळविणारी वाटते, हे प्रेषित पौलाने स्वतःच नमूद केले आहे.

आता आपण अंत्युखियास येतो. सीरियातील हे नगर रोमन साम्राज्यातील सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक होते. ग्रीक, सीरियन, यहूदी आणि रोमन अशा सर्वांची वस्ती तेथे होती, आणि येशूच्या अनुयायांना ख्रिस्ती हे नाव प्रथम तेथेच मिळाले. तेथील मंडळीत यहूदी आणि यहूदीतर एकत्र जेवू लागले. या जेवणाला केवळ स्नेहभोजन समजता येत नाही. भाकर मोडून आणि प्याला फिरवून येशूच्या मरणाचे स्मरण करावयाचे ते याच पंक्तीत, म्हणून पंक्ती तुटली की उपासनाही तुटली. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, येशूचा अग्रगण्य शिष्य पेत्र अंत्युखियास आला तेव्हा प्रथम यहूदीतरांबरोबर जेवत होता, परंतु यरुशलेमातील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे येताच तो मागे सरला आणि वेगळा बसू लागला; पौलाचा सहकारी बर्णबाही त्याच्यामागे गेला; आणि तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला. नव्या करारातील अत्यंत जुन्या लिखाणांपैकी एक असलेल्या या पत्रात, दोन अग्रगण्य प्रेषितांचा हा कलह झाकून न ठेवता नोंदविला गेला आहे.

ज्या समाजात पंक्तिभेदाने माणसाची पायरी ठरत आली त्या आपल्या समाजातील वाचकाला या प्रसंगाचे मर्म समजावून सांगावे लागू नये. पेत्राची अडचण खरी होती, कारण मक्काबींच्या हुतात्म्यांची आठवण त्याच्या मागे उभी होती. पौलाचे म्हणणे असे की, ख्रिस्तावरील विश्वासाने जर दोघेही देवाला मान्य झाले असतील, तर एकाने दुसऱ्याला प्रथम यहूदी बनावयास सांगणे म्हणजे त्या मान्यतेवर आपली वेगळी अट लादणे होय. हे सांगणारा पौल स्वतः परुशी पंथात वाढलेला, किलिकियातील तार्सस नगरीचा, तंबू बनविण्याचा धंदा करणारा आणि ग्रीक भाषेत सहज लिहिणारा मनुष्य होता; दोन जगांच्या सीमेवर जो वाढला त्यालाच ती सीमा कोठे सुटू शकते हे दिसले. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमात झालेल्या सभेत यहूदीतरांवर सुंतेची सक्ती करू नये असे ठरल्याचे प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात म्हटले आहे. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त आणि गुदमरवून मारलेले प्राणी वर्ज्य करावेत, एवढे अन्नविषयक बंधन राहिले.

या निर्णयाचे सामाजिक परिणाम दूरगामी झाले. भूमध्य समुद्राभोवतीच्या नगरांतील सभास्थानांत असे अनेक यहूदीतर येत की ज्यांना एकेश्वरी उपासना व नीतिनियम आकर्षक वाटत, पण सुंता आणि आहारनियम यांमुळे जे उंबरठ्यावरच राहत. त्यांच्यापुढे आता दार उघडले. रोमन रस्ते, सुरक्षित झालेले जलमार्ग आणि सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा यांच्या साह्याने पौल व त्याचे सहकारी नगरोनगरी फिरले. करिंथ येथे तो गल्लियो या रोमन अधिकाऱ्यापुढे उभा राहिल्याची हकीकत आहे, आणि देल्फी येथील शिलालेखामुळे गल्लियोचा काळ इ. स. ५१-५२ असा निश्चित करता येतो. फिलिप्पै येथे जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया, किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी, तंबू बनविणारे अक्विला आणि प्रिस्किल्ला हे पतिपत्नी, अशा माणसांच्या घरांत या मंडळ्या भरत. मात्र पंक्तीचा प्रश्न एका सभेने मिटणारा नव्हता. करिंथमध्ये श्रीमंत आधीच खाऊन पिऊन तृप्त होत आणि गरीब उशिरा येऊन उपाशी राहत, तेव्हा पौलाला पुन्हा कठोर लिहावे लागले. जातीची भिंत पडल्यावर संपत्तीची भिंत मागे उरते, हे त्या मंडळीने पहिल्याच पिढीत दाखवून दिले.

इ. स. ६६ मध्ये यहूदी लोकांनी रोमविरुद्ध उठाव केला आणि इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने यरुशलेम जिंकून मंदिर जमीनदोस्त केले. या एका घटनेने दोन धर्मांचे मार्ग अलग होण्यास वेग आला. परुशी परंपरेतील विद्वानांनी शास्त्राध्ययनाच्या आधारावर यहूदी जीवनाची पुनर्रचना केली. येशूच्या अनुयायांतील यरुशलेमचे वर्चस्व ओसरले आणि ग्रीकभाषी मंडळ्यांचे महत्त्व वाढले. चार शुभवर्तमाने साधारणतः इ. स. ७० ते १०० च्या दरम्यान लिहिली गेली, आणि त्यांतील यहूदी नेत्यांवरील तीव्र टीका ही बऱ्याच अंशी एकाच घरातील भाऊबंदकीची भाषा आहे. ती भाषा पुढे परक्यांच्या हाती पडली तेव्हा तिचे विष झाले, ही ख्रिस्ती इतिहासातील अत्यंत दुःखद बाब होय.

बाहेरून पाहणाऱ्याला ही मंडळी कशी दिसत होती, याचा दाखला आशिया मायनरमधील बिथिनिया प्रांताचा अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजन याला इ. स. ११२ च्या सुमारास पाठविलेल्या पत्रात मिळतो. ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमून हे लोक ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात, चोरी, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घेतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे, निरुपद्रवी अन्न घेतात, असे त्याने चौकशीअंती लिहिले. ज्यांचा छळ करून त्याने ही माहिती काढली त्यांत मंडळीच्या सेविका असलेल्या दोन गुलाम स्त्रिया होत्या. साम्राज्याच्या दप्तरात जिची गणना मालमत्तेत होती ती स्त्री त्या पंक्तीत पदाधिकारी होती. हा धर्म नगरांतील सामान्य जनांत का रुजला, याचे उत्तर अनेक ग्रंथांपेक्षा या एका शासकीय पत्रात अधिक स्पष्ट सापडते.

आता उसनवारीचा प्रश्न. रोमन सैनिकांत प्रिय असलेल्या मित्रदेवाच्या पंथातही पवित्र भोजन होते, आणि दुसऱ्या शतकातील जस्टिन या ख्रिस्ती लेखकानेच या साम्याचा उल्लेख केला आहे. परंतु रोमन साम्राज्यातील हा पंथ पहिल्या शतकाच्या अखेरीपासून दिसू लागतो, म्हणजे पौलाची पत्रे त्याहून जुनी आहेत. शिवाय मित्रदेव खडकातून जन्मतो, त्याचे मरण व पुनरुत्थान झाल्याची कथा त्या पंथाच्या अवशेषांत आढळत नाही. उलटपक्षी ख्रिस्ती मंडळीने उघडपणे स्वीकारलेल्या गोष्टी थोड्या नाहीत. २५ डिसेंबर हा येशूचा जन्मदिन म्हणून प्रथम चौथ्या शतकातील रोमन पंचांगात आढळतो. ऑरेलियन सम्राटाने २७४ मध्ये प्रतिष्ठापिलेल्या सूर्योपासनेशी काही अभ्यासक त्याचा संबंध जोडतात, तर काही तो २५ मार्चपासून मोजलेल्या नऊ महिन्यांच्या गणिताशी जोडतात. विश्वाच्या बुडाशी असलेल्या दिव्य बुद्धितत्त्वाची ग्रीक कल्पना योहानाच्या शुभवर्तमानाने आणि जस्टिनने ख्रिस्तावर आरोपिली. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ग्रीक तत्त्वज्ञानाला ख्रिस्ताकडे नेणारी पूर्वतयारी मानले, आणि याच क्लेमेंटच्या ग्रंथात, इ. स. २०० च्या सुमारास, भारतातील बुद्धाच्या अनुयायांचाही उल्लेख येतो. युफ्रेटिसकाठच्या डुरा-युरोपस या नगरात १९३० नंतरच्या उत्खननांत यहूदी सभास्थान, मित्रदेवाचे मंदिर आणि साध्या घराचे रूपांतर करून सजविलेले ख्रिस्ती प्रार्थनागृह ही तिन्ही एकाच तटाच्या आश्रयाने उभी असलेली सापडली. अशा शेजारात रंगरेषा, उपमा आणि उत्सवांची देवघेव होणे अटळ होते. तरीही त्या घरातील भित्तिचित्रांत मेंढपाळ आणि येशूने केलेल्या अद्भुत कृती होत्या.

हा धर्म पश्चिमेकडेच गेला असेही नाही. एदेसा नगरीतून तो सीरियाक भाषेच्या द्वारे पूर्वेकडे सरकला. आर्मेनियाच्या राजाने चौथ्या शतकाच्या आरंभी त्याचा स्वीकार केला. आफ्रिकेतील अक्सुमचा राजा एझाना याच्या नाण्यांवर चंद्रकोरीच्या जागी क्रूस आला. आणि इराणी साम्राज्यातील मंडळीने ४१० मध्ये सेल्युकिया-टेसिफोन येथे आपली संघटना बांधली. सहाव्या शतकातील कॉस्मस या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने मलबारात ख्रिस्ती असल्याचे आणि कल्लियाना नावाच्या बंदरात इराणहून नेमलेला धर्माध्यक्ष असल्याचे लिहिले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल, तर वास्को द गामाच्या गलबतांपूर्वी जवळजवळ हजार वर्षे या किनाऱ्यावर ख्रिस्ती उपासना होत होती.

३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने या धर्माला मोकळीक दिली, ३२५ मध्ये त्याच्याच आश्रयाखाली निकेया येथे धर्माध्यक्षांची परिषद भरली, आणि ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने निकेयाच्या श्रद्धेला राजमान्यता दिली. छळ थांबला, त्याबरोबर सत्तेचा मोहही आला. स्पेनमधील एल्व्हिरा येथे तर बहुधा त्याआधीच, चौथ्या शतकाच्या प्रारंभी, भरलेल्या धर्मसभेने यहूदी लोकांबरोबर जेवणाऱ्या ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनापासून दूर ठेवावे असा नियम केला. ज्या समाजाचा जन्म यहूदी आणि यहूदीतर यांच्या एकत्र जेवण्यातून झाला होता, त्याने अडीचशे वर्षांत तेच जेवण अपराध ठरविले.

म्हणून ख्रिस्ती धर्माचा उगम कोठे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर केवळ बेथलेहेम, अथेन्स किंवा रोम असे देता येत नाही. यहूदी शास्त्रांनी त्याला देव आणि आशा दिली, इराणी कालखंडाने अंतिम न्यायाच्या कल्पनेला धार आणली, ग्रीकांनी भाषा व तर्क दिले, रोमने रस्ते दिले आणि क्रूसही दिला. पण या सर्व सामग्रीतून एक नवा समाज घडला तो, परक्याला आपल्यासारखे होण्याची अट न घालता आपल्या शेजारी बसविण्याच्या निर्णयाने. धर्माच्या उगमाचा अभ्यास पुरातन वस्तूंच्या कुतूहलापुरता मर्यादित राहू नये, असे मला वाटते ते याचमुळे. भारतातील ख्रिस्ती मंडळ्यांतही जातिभेद दीर्घकाळ टिकून राहिला, आणि मंडळीबाहेरील आपल्या समाजाचा हिशेब तर त्याहून मोठा आहे. पौलाने अंत्युखियात पेत्राला विचारलेला प्रश्न कोणत्याही धर्माच्या मनुष्याला विचारता येण्याजोगा आहे, आणि ज्या धर्माने तो स्वतःच्या अग्रगण्य शिष्याला विचारून ग्रंथात लिहून ठेवला, त्याचे मूल्यमापनही त्याच प्रश्नाच्या कसोटीवर करणे न्यायाचे होईल.